झोप म्हणजे आळस नव्हे



गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात आरोग्य तपासणी होती. बीपी आणि शुगर तपासायला माणसे आली, पण बोलता बोलता निम्म्याहून जास्त जणांचे गाऱ्हाणे एकच निघाले, ते झोपेचे. कुणाला झोप लागत नाही, कुणाची पहाटे तीनला मोडते, कुणाचे मूल रात्री किंचाळत उठते. एक ताई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "शाळेत पेंगतो. बाई म्हणतात मठ्ठ आहे. अजून अंथरूण ओलं करतो. ह्याच्या बापाने मारलंसुद्धा, पण फरक नाही." आम्ही विचारले, "रात्री घोरतो का?" त्या हसल्या. "घोरतो म्हणजे काय डॉक्टर, मोठ्या माणसासारखा घोरतो."

त्या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आपल्या घरांत झोपेची तक्रार कुणी आजार म्हणून सांगत नाही. जास्त झोपला तर आळशी आणि झोप नाही आली तर 'डोक्याला ताप' म्हणून विषय मिटतो. म्हणून या अंकात झोपेविषयी सविस्तर.

झोपेत शरीर काय करते?

आपण झोपतो तेव्हा शरीर बंद पडत नाही, ते दुरुस्तीचे काम करते. रात्रभर झोपेचे फेरे चालतात. मोठ्या माणसात एक फेरा साधारण दीड तासाचा. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. मुलांची वाढ करणारे संप्रेरक मुख्यतः याच वेळी रक्तात येते. पहाटेच्या भागात स्वप्नांची झोप जास्त. दिवसभर शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. म्हणून रात्रभर जागून पाठ केलेले पेपरात आठवत नाही.

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा थकवा. दुसरे म्हणजे मेंदूतले घड्याळ. हे घड्याळ उजेडावर चालते. सकाळचे ऊन डोळ्यांवर आले की ते 'दिवस' धरते, अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक सोडते आणि झोप येऊ लागते. रात्री अकराला डोळ्यांसमोर मोबाईल धरला की या घड्याळाचा गोंधळ होतो.

किती झोप हवी? चार महिने ते एक वर्षाच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना ८ ते १० आणि मोठ्या माणसाला किमान ७ तास. वय झाले की झोप हलकी होते, तुटक होते, पण गरज फारशी कमी होत नाही.

अठरा तास अभ्यास आणि झोप

एप्रिलमध्ये ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही पद्धत चांगलीच आहे. पण वर्षातला तो एक दिवस रोजचा नियम समजून पालक दहावीच्या मुलाला म्हणतात, "बाबासाहेब झोपले असते तर बॅरिस्टर झाले असते का?" हे मात्र बरोबर नाही.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेब शिकत होते, तेव्हाची हकीकत धनंजय कीर यांनी चरित्रात दिली आहे. घर भरलेले, गोंगाट, जागा नाही. म्हणून वडील रामजीबाबा मुलाला संध्याकाळी लवकर झोपवत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागून त्याला अभ्यासाला उठवत. मग स्वतः झोपत. म्हणजे रामजीबाबांनी मुलाची झोप तोडली नाही, तिची वेळ बदलली आणि त्यासाठी स्वतःची झोप खर्च केली. एका खोलीच्या घरात मुलाच्या झोपेची आणि अभ्यासाची सोय करणे हे पालकांचे काम आहे, हा त्यातला धडा.

तेरा-चौदा वर्षांनंतर शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते. रात्री दहाला त्यांना झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. तो उद्धटपणा नव्हे, वय आहे. अशा मुलांवर ओरडण्यापेक्षा रात्री मोबाईल काढून घ्यावा, सकाळी उन्हात उभे करावे आणि रविवारी दुपारी बारापर्यंत लोळू देऊ नये. रोजच्यापेक्षा तासभर जास्त झोपले तर चालेल.

मुलांच्या झोपेच्या तक्रारी

*घोरणे.* सर्दीत चार दिवस घोरणे वेगळे. पण मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, झोपेत मध्येच श्वास थांबून दचकत असेल, घामाने भिजत असेल तर घशातल्या गाठी म्हणजे टॉन्सिल किंवा नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढलेली असू शकते. अशा मुलाला रात्रभर नीट झोप मिळत नाही. दिवसा ते पेंगते किंवा उलट फार चिडचिड आणि धिंगाणा करते. अभ्यासात मागे पडते. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे.

*अंथरूण ओले करणे.* पाच वर्षांपर्यंत यात काळजीचे काही नाही. त्यानंतरही बऱ्याच मुलांत राहते आणि पुष्कळदा आई किंवा वडिलांनाही लहानपणी तेच असते. मूल मुद्दाम करत नाही, ते झोपेत असते. मारून, चारचौघांत लाज काढून फरक पडत नाही, भीती मात्र वाढते. संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी, झोपण्याआधी लघवी, शौचाला खडा होत असेल तर त्यावर उपाय, एवढे करा. पण सहा महिने किंवा जास्त काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, लघवीला जळजळ असेल, फार तहान लागत असेल, वजन घटत असेल तर लगेच तपासणी करा. लघवीचा संसर्ग किंवा मधुमेह असू शकतो. कधी शाळेतला किंवा घरातला त्रासही कारण असतो. मुलाला जवळ घेऊन विचारा.

*किंचाळत उठणे.* झोपल्यावर दोन-तीन तासांत मूल किंचाळते, डोळे उघडे असतात, घाम फुटतो, आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. याला रात्रभय म्हणतात. गाढ झोपेतून मेंदू अर्धाच जागा होतो म्हणून हे घडते. ताप, दमणूक, अपुरी झोप यांनी वाढते. झोपेत चालणे हाही त्यातलाच प्रकार. मुलाला हलवून जागे करू नका, लागणार नाही एवढे पाहा, पाच-दहा मिनिटांत ते शांत झोपते. वाढत्या वयात बहुधा आपोआप जाते. वाईट स्वप्न मात्र पहाटेकडे पडते आणि मुलाला आठवते. तेव्हा त्याला जवळ घ्यावे, धीर द्यावा. हातपाय ताठ होत असतील, तोंडाला फेस येत असेल, एका रात्रीत अनेकदा होत असेल तर फिट आहे का ते डॉक्टरांनी पाहिले पाहिजे. शक्य असल्यास मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा.

*खाज आणि खोकला.* वस्तीत मुलांची झोप मोडणारी दोन कारणे हमखास सापडतात. खरूज रात्री जास्त खाजते. एकट्या मुलाला औषध लावून ती जात नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे लागते आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकावे लागते. दुसरे म्हणजे जंत. रात्री शौचाच्या जागी खाज येते. अंगणवाडी आणि शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नका. रोज रात्री किंवा पहाटे खोकला उठत असेल तर दमा असू शकतो. बंद खोलीत मच्छरची कॉइल किंवा चुलीचा धूर यांनी तो वाढतो. कॉइलपेक्षा मच्छरदाणी केव्हाही चांगली.

*तान्हे बाळ.* वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर झोपवा, पालथे नको. तोंडाजवळ उशी, गोधडी नको. दारू प्यालेल्या माणसाजवळ बाळ कधीही झोपवू नका. बाळ झोपावे म्हणून अफू, खोकल्याचे औषध किंवा झोपेची गोळी उगाळून देणे जीवघेणे आहे.

छातीवर कुणी बसत नाही

मोठी माणसेही सांगतात, "रात्री जाग आली, पण हात हलेना. छातीवर कुणीतरी बसलं होतं." ऐकणारे लगेच म्हणतात, बाहेरचे आहे. त्याचे खरे कारण असे. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात पळतो पण अंथरुणात पळत नाही. कधी मन जागे होते आणि स्नायू अजून सैलच असतात. एखाद-दोन मिनिटांत सुटतात. झोप अपुरी असली, वेळा बदलत असल्या की हे जास्त होते. भीती वाटते, पण जिवाला धोका नसतो.

मुलाचे रात्रभय असो की हे, त्यासाठी भगताकडे, देवऋषीकडे जाऊन पैसे आणि वेळ घालवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दोऱ्या-गंड्यांचा मार्ग आपल्या समाजाने केव्हाच सोडला आहे. झोपेच्या बाबतीत तो पुन्हा घरात शिरू देऊ नका.

मोठ्यांना झोप का लागत नाही?

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा अधिक काळ झोप लागत नसेल किंवा मोडत असेल आणि त्याचा दिवसा त्रास होत असेल, तर तो जुना निद्रानाश. त्याला उपचार आहेत. पण आधी आपल्या घरातली कारणे पाहू.

चहा. कपभर चहातले कॅफिन पाच-सहा तासांनंतरही अर्धे अंगात असते. शेवटचा चहा दुपारी चारच्या आत घ्या.

तंबाखू आणि मिश्री. झोपण्याआधी मिश्री लावली की बरे वाटते, असे अनेक काकू सांगतात. पण निकोटिन मेंदूला जागे करणारे द्रव्य आहे. बरे वाटते ते तलफ भागल्यामुळे.

दारू. "दोन घोट घेतल्याशिवाय झोप येत नाही" हे आम्ही फार ऐकतो. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटत जाते, घोरणे वाढते आणि हळूहळू दारूशिवाय झोपच येईनाशी होते. पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्याची झोपही राखली जाते. मात्र रोज जास्त पिणाऱ्याने एका दिवसात एकदम बंद केल्यास थरथर, भास, फिट येऊ शकतात. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

पायांची तगमग. रात्री पाठ टेकली की पायात मुंग्या, ओढ, सारखे पाय हलवावेसे वाटणे. बऱ्याचदा लोहाची कमतरता असते, विशेषतः गरोदर बायांत. लोहाची तपासणी करून घ्या. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका, त्या अंगी लागत नाहीत.

मोठ्यांचे घोरणे. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून गुदमरून उठणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा बसल्या जागी डुलकी, ही लक्षणे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची आहेत. यामुळे बीपी वाढते, हृदयावर ताण येतो. रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवणाऱ्याने तर हे अंगावर काढू नयेच. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, दारू बंद करणे यांनी फरक पडतो. गरज पडल्यास नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारे यंत्र असते.

मन. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, कशातच मन न रमणे, जेवण नकोसे होणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, ही नैराश्याची खूण असू शकते. हप्ते थकलेले, काम सुटलेले, घरात भांडण, यात माणूस एकटा पडतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे जाणे म्हणजे वेडे होणे नव्हे.

रात्रपाळी आणि पहाटेचे पाणी

आपल्या घरांतले कितीतरी जण सफाई कामगार, वॉचमन, वॉर्डबॉय, आया, ड्रायव्हर आहेत. वस्तीत नळाला पाणी पहाटे येते आणि ते भरायला उठते ती बाई. त्यांना "दहाला झोपा, सहाला उठा" सांगून उपयोग नाही.

रात्रपाळीवाल्यांनी पाळी सुरू होण्याआधी तास-दीड तास झोप काढावी. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच घ्यावा. घरी येताना डोळ्यांवर टोपी किंवा काळा चष्मा असावा, आल्यावर रेंगाळू नये, हलके खाऊन झोपावे. खिडकीला जाड साडी किंवा काळे कापड लावावे, कानात कापूस घालावा. सलग सात तास जमत नसतील तर सकाळी पाच आणि पाळीआधी दोन असे तुकडे करावेत. घरच्यांनीही दुपारी झोपलेल्या माणसाला "दिवसा लोळतो" म्हणू नये. त्याची ती रात्र आहे.

पाणी भरणाऱ्या बाईची झोप ही एकटीची अडचण नाही, घराची आहे. एक दिवस ती, एक दिवस नवरा, एक दिवस मोठा मुलगा अशी पाळी लावता येते. समतेचे बोलतो तर पहाटेचा हंडा वाटून घ्यायला काय हरकत?

आणखी एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला कायद्याने मनाई आहे. काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देते. लग्नाची वरात असो, इतरांचा उत्सव असो की आपली जयंती, डीजेच्या भिंतीपलीकडे तान्हे बाळ आणि आजारी आजोबा झोपलेले असतात. दुसऱ्यांना सांगण्याआधी आपण आपला आवाज वेळेत बंद केला तर आपल्या सांगण्याला वजन येईल.

झोप आणायची कशी?

उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्री झोप लागो न लागो. सकाळी वीस मिनिटे उजेडात चाला. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. झोपण्याआधी एक तास मोबाईल आणि टीव्ही बंद. एका खोलीत राहतो तर घरातल्या सगळ्यांनी मिळून ही वेळ ठरवावी, नाहीतर मूल झोपणार कसे?

झोप येईल तेव्हाच आडवे व्हा. वीसेक मिनिटे झाली तरी डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात शांत बसा, झोप आली की परत या. घड्याळ पाहू नका. अंथरुणात पडून हिशेब आणि काळज्या करायची सवय लागली की मेंदू अंथरूण म्हणजे काळजीची जागा समजू लागतो. काळज्या संध्याकाळीच वहीत लिहून, उद्या काय करायचे तेही लिहून वही बंद करा. पाच-दहा मिनिटे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्या. विहारात आनापान शिकलेल्यांना हे सोपे जाईल. ह्या सवयी दोन-तीन दिवस करून सोडू नका, तीन-चार आठवडे द्या. जुन्या निद्रानाशावर गोळीआधी याच पद्धतीचे उपचार, समुपदेशकाच्या मदतीने, करायचे असतात.

पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात झोप येणे अवघडच. झोपण्याआधी अंघोळ, सुती कपडे, ओले कापड खिडकीला, दिवसा पत्र्यावर पोती किंवा पांढरा रंग, यांनी थोडे सुसह्य होते.

झोपेच्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने घेऊ नका. शेजारणीची गोळी तर अजिबात नको. काही आठवड्यांत सवय लागते, मग डोस वाढतो. म्हाताऱ्या माणसांना गुंगी येऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे असे होते. अनेक महिने चालू असलेली गोळीही एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

त्या मुलाचे काय झाले?

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाला आम्ही सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठवले. नाकामागची गाठ आणि टॉन्सिल दोन्ही वाढलेले निघाले. शस्त्रक्रिया झाली. घोरणे थांबले, अंथरूण ओले होणे हळूहळू कमी झाले. परवा ताई विहारात भेटल्या. म्हणाल्या, "आता सकाळी स्वतःच उठतो. बाई म्हणाल्या, पाढे म्हणतो." मग थोडे थांबून म्हणाल्या, "उगाच मारलं हो त्याला."

आपल्या लेकरांना मठ्ठ म्हणणारे बाहेर पुष्कळ आहेत. निदान घरात तसे म्हणण्याआधी एक रात्र त्याच्या उशाशी बसून पाहा, ते कसे झोपते ते.